चार तास आईशिवाय: दिव्यांग मुलाच्या नोकरदार आईसाठी टप्प्याटप्प्याची आखणी

‘जरा स्वतःसाठीही वेळ काढत जा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तेवढा वेळ मुलाकडे कोणी बघायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. या लेखात त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

दिव्यांग मुलाच्या आईचं काम तीन प्रकारचं असतं. एक हातांचं: भरवणं, अंघोळ, कपडे, उचलणं. दुसरं ने-आणीचं: शाळा, थेरपी, दवाखाना. तिसरं लक्षात ठेवण्याचं: फिटचं औषध परवा संपतंय, स्प्लिंटचा (हात-पाय योग्य स्थितीत धरणाऱ्या आधाराचा) पट्टा घासतोय, शाळेचा फॉर्म उद्यापर्यंत द्यायचाय. पहिली दोन कामं दिसतात, म्हणून घरातलं कोणीतरी ती कधीमधी उचलतं. तिसरं दिसत नाही, त्यामुळे त्याची वाटणीच होत नाही. ते ऑफिसच्या मीटिंगमध्येही चालू असतं आणि रात्री दोन वाजताही.

म्हणून ध्येय एकच ठेवू, तेही मोजता येईल असं. आठ-दहा आठवड्यांत घराची घडी अशी बसवायची की आई सलग चार तास बाहेर गेली, फोन पिशवीत राहिला, तरी मुलाचं काही अडणार नाही. चारच का? दोन तास बाहेरच्या कामांतच संपतात. चार तासांत स्वतःची तपासणी होते, लांबलेली मीटिंग निभावते किंवा शांत झोप मिळते. शिवाय चार तासांत एक जेवण, एक औषध आणि बहुधा एक शौचाची वेळ येतेच. दुसऱ्या माणसाला एवढं जमलं की पूर्ण दिवसही फारसा दूर राहत नाही.

पहिलं पाऊल: सात दिवसांची नोंद

एका वहीत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडा. दिवसाला ४८ होतात. प्रत्येकात एकच अक्षर लिहा: ‘ह’ म्हणजे हातांचं काम, ‘ने’ म्हणजे ने-आण, ‘नो’ म्हणजे नोकरी, ‘झो’ म्हणजे झोप, ‘घ’ म्हणजे इतर घरकाम. लक्षात ठेवण्याच्या कामाला वेगळा रकाना नको, कारण ते दुसऱ्या कामाच्या पोटातच चाललेलं असतं. त्यासाठी ठिपके द्या. कामावर असताना मुलासाठी फोन केला, मेसेज पाठवला, अपॉइंटमेंट बदलली, काही मागवलं की एक ठिपका.

ही नोंद हमखास दोन ठिकाणी फसते. दिवसभराचं रात्री आठवून लिहिलं की रात्रीची जागरणं आणि ठिपके दोन्ही निसटतात. म्हणून वही किंवा फोनमधली यादी जवळ ठेवा आणि तीन-तीन तासांनी भरा. दुसरं, मूल आजारी असलेला आठवडा निवडू नका. नेहमीचा, कंटाळवाणा आठवडा हवा.

आठव्या दिवशी प्रत्येक कामापुढे ‘हे आणखी कोणाला शिकवता येईल’ ते लिहा. आधी कोणतं काम द्यायचं? जे रोजचं आहे, ठरल्या वेळी येतं आणि ज्यात चूक झाली तरी भागतं, ते. दप्तर भरणं, स्प्लिंट धुणं, थेरपीच्या वेळा ठरवणं, औषधांचा साठा बघणं. आणि देताना पूर्ण द्या. ‘औषध संपलं की मी सांगेन, तू आण’ असं म्हटलंत, तर आणण्याचं काम गेलं, पण लक्षात ठेवण्याचं तुमच्याकडेच राहिलं. ‘दहा दिवसांचा साठा उरला की तू आण, मला विचारू नकोस’ ही खरी वाटणी.

बऱ्याच घरांत उलटंच घडतं. मुलाला बागेत नेणं, त्याच्याशी खेळणं बाबा-आजी-मावशीकडे जातं आणि व्यायाम करून घेणं, दात घासणं, नको म्हणणं आईकडे उरतं. मुलाच्या लेखी मग आई म्हणजे कटकट. मौजेची निदान एक गोष्ट स्वतःकडे राखून ठेवा आणि रडारडीची निदान एक दुसऱ्याकडे द्या.

दुसरं पाऊल: झोप

बाकीच्या पावलांआधी हे, कारण तुटक झोपेवर कुठलीही आखणी तिसऱ्या दिवसापुढे जात नाही. प्रौढ माणसाला रात्री निदान सात तास लागतात, आणि झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असल्यामुळे दर तासाला उठून झालेले सात तास सलग सात तासांच्या बरोबरीचे नसतात.

घरात दोन मोठी माणसं असतील तर ‘ज्याला जाग येईल तो उठेल’ ही पद्धत बंद करा. जाग नेहमी आईलाच येते. रात्र वाटून घ्या: एकाची दहा ते अडीच, दुसऱ्याची अडीच ते सात. किंवा एक रात्र तुमची, एक रात्र त्यांची. ज्याची पाळी नाही त्याने वेगळ्या खोलीत, दार लावून झोपायचं. त्याच खोलीत झोपलात तर कान जागेच राहतात. एकट्या आईने आठवड्यातली एक तरी पूर्ण रात्र नातेवाईक, मैत्रीण किंवा पगारी मदतनीस यांच्या भरवशावर काढता येईल असं बघावं. पैशांची मदत देऊ करणाऱ्यांकडे हीच मागा.

त्याच वेळी मूल का उठतं याचा शोध घ्या. १४ रात्रींची नोंद ठेवा: झोपण्याची वेळ, उठण्याच्या वेळा, रडणं होतं की हसणं, घाम, घोरणं, अंग ताठ होणं, शी झाल्याचा दिवस. ही नोंद डॉक्टरांना दाखवा. रात्रीची फिट, बद्धकोष्ठता, जेवण घशाशी येणं, स्नायूंचा ताठरपणा, दातदुखी, लोहाची कमतरता यांतली पुष्कळ कारणं उपचाराने हटतात. डाउन सिंड्रोमच्या मुलांत झोपेत श्वास अडणं इतकं नेहमीचं आहे की वयाच्या चार वर्षांच्या आत झोपेची तपासणी करावी, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. स्वमग्न मुलांत झोपेच्या तक्रारी फार असतात. तिथे आधी झोपेची वेळ, उजेड आणि स्क्रीन यांची शिस्त, मग गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ जुळवणारं संप्रेरक. सर्दीचं गुंगी आणणारं सिरप झोपेसाठी स्वतःच्या मनाने देऊ नका. काही मुलं त्याने उलट जास्त चेकाळतात.

तिसरं पाऊल: पाठ वाचवणं

थॉमस वॉटर्स या अमेरिकन संशोधकाने २००७ मध्ये परिचारिकांसाठी रुग्ण हाताने उचलण्याची मर्यादा मांडली: सगळं अनुकूल असताना ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो. मूल हालचाल करत असेल, जागा अडचणीची असेल तर त्याहूनही कमी. सहा वर्षांच्या मुलाचं वजन सर्वसाधारणपणे २० किलोच्या आसपास असतं. मूल शाळेत जाऊ लागतं तेव्हाच आईची कंबर धरते, त्यात नवल नाही. तुमची ताकद कमी झालेली नसते, वजनाने मर्यादा ओलांडलेली असते.

आधी उचलण्याच्या खेपा मोजा. पलंग ते संडास, संडास ते अंघोळ, अंघोळ ते पलंग, पलंग ते खुर्ची, खुर्ची ते गाडी. परतीच्या धरून दिवसाला दहा-बारा सहज होतात. पद्धत सुधारण्याआधी खेपा कमी करा. कपडे बदलणं आणि पुसणं जमिनीवर करू नका. तुमच्या कोपराच्या थोडं खाली येईल एवढ्या उंचीचा पलंग किंवा टेबल हवं. अंघोळीला खुर्ची घ्या. पलंगावर वर सरकवायला गुळगुळीत घसरचादर वापरा. मुलाला क्षणभरही पायांवर भार घेता येत असेल तर त्याला उचलू नका, उभं करून वळवा. फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा घरीच शिकून घ्या, कारण दवाखान्यातली खोली आणि तुमचं न्हाणीघर यांत फरक असतो.

उचलावंच लागलं तर क्रम असा. व्हीलचेअरचे ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. मुलाला आधी सांगा. अचानक उचललं की ताठर मूल आणखी ताठ होतं आणि तेवढंच वजन दुप्पट लागतं. पावलं फाकवून, एक थोडं पुढे ठेवा. गुडघे वाकवा, मुलाला छातीशी घ्या, ‘एक-दोन-तीन’ म्हणून उठा. वळताना पावलं वळवा, कंबर नाही. मुलाला हाताला धरून किंवा काखेत धरून ओढू नका. सैल स्नायूंच्या मुलाचा खांदा निखळू शकतो. १६ किलोंच्या पुढे दोन माणसं किंवा उचलण्याचं यंत्र, हा नियम घरात सगळ्यांसाठी.

पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखणं, उचलताना लघवीचा थेंब सुटणं ही लक्षणं ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. शेवटचं तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने बऱ्याच जणींचं सुधारतं. मात्र कंबरदुखीसोबत मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा.

चौथं पाऊल: पाच पानांची वही

दुसऱ्याच्या हाती मूल द्यायचं तर डोक्यातलं सगळं कागदावर यायला हवं. पाच पानं, त्याहून जास्त नको. तीस पानांची वही गडबडीत कोणी उघडत नाही.

पहिल्या पानावर मूल. ‘हो’ कसं सांगतं, ‘नको’ कसं, दुखलं की काय करतं, कशाने शांत होतं. ‘चिडचिड करतो’ हे पुरेसं नाही. ‘कान चोळायला लागला तर दहा मिनिटांत रडतो, आवाज बंद करा’ हे उपयोगाचं.

दुसरं पान औषधांचं, आणि चुकांची सर्वांत मोठी जागा हीच. औषधाचं नाव, ताकद, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर. मात्रा मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्हींत लिहा आणि चमच्याऐवजी तोंडाने औषध द्यायची सुईविना सिरिंज वापरा, कारण घरातले चमचे एका मापाचे नसतात. एकच सिरप दोन ताकदींत मिळू शकतं. बाटली बदलली की मिलिलिटरही बदलू शकतात, म्हणून नवी बाटली आली की हे पान पुन्हा तपासा. मात्रा चुकली किंवा औषध उलटून पडलं तर काय करायचं, हे त्या-त्या औषधासाठी डॉक्टरांना विचारून तिथेच लिहा.

तिसऱ्या पानावर भरवणं: कसं बसवायचं, घास केवढा, पातळ की घट्ट, जेवणानंतर किती वेळ आडवं करायचं नाही, ठसका लागला तर काय. बसलेल्या स्थितीतला फोटो चिकटवलात तर चार ओळी वाचतात.

चौथं पान आणीबाणीचं. फिट येणाऱ्या मुलासाठी: घड्याळ बघा, कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू हटवा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर रुग्णवाहिका. डॉक्टरांनी फिट थांबवण्याचं औषध दिलेलं असेल तर ते कुठे आहे आणि कितव्या मिनिटाला द्यायचं, तेही लिहा. खाली तीन फोन नंबर आणि घराचा पूर्ण पत्ता. घाबरलेल्या माणसाला पाठ असलेला पत्ताही आठवत नाही.

पाचवं पान वाईट वीस मिनिटांचं, म्हणजे मुलाचा तोल गेला की: बोलणं कमी, उजेड कमी, गर्दी दूर, जवळ बसून राहणं, समजावणं नंतर.

वही झाली की घरात कधी न राहिलेल्या माणसाला वाचायला द्या. तो जे प्रश्न विचारेल तेवढ्या ओळी तुमच्याकडून राहून गेल्यात.

पाचवं पाऊल: दुसरं माणूस तयार करणं

सर्वांत मायाळू माणूस शोधू नका, ‘मला हे कळलं नाही, पुन्हा दाखवा’ असं म्हणणारा शोधा. तो बाबा असेल, आत्या असेल, पगारी मदतनीस असेल. फेऱ्या चार: आधी तो बघतो, मग दोघं मिळून, मग तो एकटा आणि तुम्ही शेजारच्या खोलीत, मग तुम्ही घराबाहेर. प्रत्येक फेरी निदान तीनदा. बाहेर राहण्याचा वेळ अर्धा तास, एक तास, दोन, चार असा वाढवा, शक्यतो ठरल्या वारी, ठरल्या वेळी. मूल पहिल्या काही वेळा रडेल. माणूस आणि वेळ तीच राहिली तर सवय लवकर होते.

हे पाऊल बहुतेक वेळा आईच्या सूचनांपायी मोडतं. ‘असं नको, तसं धर’ दहा वेळा ऐकलं की समोरचा म्हणतो, तूच कर. म्हणून त्याच्या चुका मनातल्या मनात तीन खणांत टाका. धोका असेल, जसं आडवं ठेवून भरवणं, तर तिथल्या तिथे थांबवा. गैरसोय असेल तर संध्याकाळी शांतपणे सांगा. नुसतं वेगळेपण असेल, म्हणजे तो मोजे आधी घालतो आणि तुम्ही शर्ट, तर कधीही बोलू नका.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र टाळू नये. २०१२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या, जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट आढळली. तेव्हा आधीच्या कामाची चौकशी प्रत्यक्ष बोलून करा, सुरुवातीला न सांगता अधूनमधून घरी या, आणि मुलाला शरीराच्या अवयवांची नावं किंवा खुणा आणि ‘नको’ म्हणण्याची खूण शिकवा. बोलता न येणाऱ्या मुलाच्या वागण्यात अचानक बदल दिसला, तर तेच त्याचं सांगणं समजून चौकशी करा.

सहावं पाऊल: साहेबांशी बोलणं

‘थोडी सवलत मिळाली तर बरं होईल’ या वाक्याला कोणी नाही म्हणत नाही आणि त्यातून मिळतही काही नाही. चार गोष्टी नेमक्या मांडा: काय हवं, कधी, काम कसं भरून निघेल, आणि किती दिवस आजमावून बघायचं. उदाहरणार्थ: ‘मंगळवार आणि गुरुवारी मला साडेचारला निघावं लागेल. त्या दिवशी मी पाऊण तास लवकर येईन आणि उरलेलं रात्री नऊनंतर पूर्ण करीन. अहवालाची मुदत बदलणार नाही. सहा आठवडे करून पाहू आणि मग तुम्हीच ठरवा.’ मुलाचं निदान सांगायलाच हवं असं नाही. गरज सांगितली तरी पुरतं. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवा, नाहीतर साहेब बदलले की ठरलेलंही जातं.

हे बोलणं संकटाच्या दिवशी करू नका. रडून मागितलेली सवलत उपकार म्हणून मिळते आणि तशीच काढूनही घेतली जाते. अर्धवेळ नोकरी स्वीकारताना काम किती कमी होणार हे आकड्यांत ठरवा. पगार अर्धा आणि काम तेवढंच, हा सापळा फार जुना आहे. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १५६ क्रमांकाचा करार १९८१ पासून आहे, आणि मुलाच्या अपंगत्वामुळे आईला कामावर वाईट वागणूक देणं हा भेदभावच ठरतो, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये दिला. तुमच्या कामाच्या ठिकाणी काय लागू आहे, ते सेवानियमांत लेखी शोधा. सहकाऱ्यांच्या ऐकीव माहितीवर राहू नका.

निदान झाल्यापासून सहा महिने तरी, शक्य असेल तर, राजीनामा देऊ नका. त्या काळात सगळंच तातडीचं वाटतं. आधी शिल्लक रजा, मग बिनपगारी रजा, मग कमी तास, असा क्रम ठेवा. हिशेब करताना पगारासोबत विमा, निवृत्तीची रक्कम आणि पाच वर्षांनी पुन्हा शिरण्याची अडचणही धरा.

थेरपीचा गृहपाठ

फिजिओ वीस मिनिटं सांगतात, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे) वीस, स्पीचवाले वीस. प्रत्येकाचं बरोबर असतं, बेरीज मात्र कोणी करत नाही. प्रत्येकाला विचारा: ‘या आठवड्यात एकच करायचं तर कोणतं?’ मग तो व्यायाम रोजच्या कामात बसवा: दात घासताना उभं राहणं, शर्ट घालताना हात वर नेणं, दोन वस्तू दाखवून ‘कोणता?’ विचारणं आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजणं. जे बसत नाही ते थेरपिस्टला तसं सांगा. न केलेल्या व्यायामाला ‘केला’ म्हटलं की पुढचा व्यायाम चुकीच्या आधारावर ठरतो.

मन

१९६२ मध्ये सायमन ओल्शान्स्की यांनी अशा पालकांच्या दुःखाला ‘दीर्घकालीन शोक’ म्हटलं आणि तो आजार नाही, स्वाभाविक प्रतिसाद आहे, असं मांडलं. हे दुःख एकदा येऊन संपत नाही. बरोबरीची मुलं शाळेत जाऊ लागली, धाकटं भावंड पुढे गेलं, वाढदिवस आला की ते परत येतं. ‘अजून सावरली नाहीस?’ असं विचारणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक नसते.

नैराश्य निराळं. दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ उदास वाटणं किंवा कशातच गोडी न वाटणं ही त्याची खूण. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी स्वतः भरता येते. एकूण २७ गुणांपैकी १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याशिवाय कोणतंही उत्तर असेल तर बेरीज न बघता त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या. मुलावर हात उगारावासा वाटला तर त्याला सुरक्षित जागी ठेवा, खोलीबाहेर या आणि फोन करा. हा फोन कोणाला करायचा, ते आजच ठरवून ठेवा.

थकव्यामागे नेहमी मनच असतं असंही नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, रक्तदाब एकदा तपासून घ्या. गर्भाशयमुखाच्या तपासणीची तारीख टळली असेल तर तीही. सोपी युक्ती: मुलाची पुढची अपॉइंटमेंट घ्याल तेव्हा त्याच वेळी स्वतःचीही एक घ्या.

पहिले चार तास

मुलाची तब्येत ठीक असलेला, नेहमीचा दिवस निवडा. निघण्याआधी औषधाची मात्रा सिरिंजमध्ये भरून ठेवू नका. दुसऱ्या माणसाने ती स्वतः मोजायची आहे, तुम्ही नंतर बाटलीवरून पडताळा. त्याने तुम्हाला फोन फक्त तीन कारणांसाठी करायचा: चौथ्या पानावरचं काही घडलं, औषध दिलं गेलं नाही किंवा चुकीचं दिलं गेलं, किंवा मूल अर्ध्या तासाहून जास्त शांत होत नाही. तुम्ही मात्र एकही फोन करायचा नाही. घराच्या कॅमेऱ्यातून बघत बसलात तर तो वेळ ‘ल’ म्हणून, म्हणजे लक्ष ठेवण्याचं काम म्हणून, नोंदीत लिहा. तो मोकळा वेळ नव्हे.

पहिल्या खेपेला बाजारहाट किंवा बँकेची कामं घेऊ नका. मैत्रिणीकडे जाऊन नुसतं झोपलात तरी चालेल.

परत आल्यावर दारातच ‘नीट जेवला ना?’ विचारू नका. आधी पाणी प्या, मुलाला भेटा, मग दोनच प्रश्न विचारा: वहीत काय सापडलं नाही, आणि काय जड गेलं. उत्तरं त्या-त्या पानावर तारखेसह लिहा. दीड तासातच परत यावं लागलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा चारचा हट्ट नको. एका तासावर या, दोनदा ते सुरळीत होऊ द्या, मग दोन तास. मात्र वार सोडू नका. सलग दोन आठवडे खंड पडला की मुलाची सवय मोडते आणि त्या माणसाचा धीरही, म्हणून त्या आठवड्यात जमलं नाही तर अर्ध्या तासासाठी का होईना, बाहेर पडा.